उपनगरात भाड्याने घर शोधताय? आधी परतीचा रस्ता चालून बघा

नव्या शहरात जायचं ठरलं की आपण सगळेच पहिलं काम करतो ते म्हणजे घरांच्या जाहिराती उघडून फोटो बघत बसणं, किचन केवढं आहे, बाल्कनी आहे का, उजेड येतो का. मीही तेच केलं होतं. घर मस्त होतं, भाडं झेपण्यासारखं होतं आणि जाहिरातीत लिहिलं होतं स्टेशनपासून ८०० मीटर, म्हणजे दहा मिनिटं चाललं की घरी, असा हिशोब करून मी लगेच हो म्हटलं. राहायला गेल्यावर कळलं की ते ८०० मीटर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले होते. मधे रेल्वेचे रूळ, खालून जाणारा भुयारी रस्ता रात्री बंद व्हायचा आणि मग पुलावरून वळसा घालून पंचवीस मिनिटं, त्यातला निम्मा रस्ता एका गोदामाच्या लांबलचक भिंतीच्या कडेकडेने, जिथं ना एक खिडकी ना एक दुकान. घरात काहीच खोट नव्हती. पण मी हळूहळू संध्याकाळी बाहेर जाणंच सोडलं, क्लास सोडला, ऑफिसनंतर कुणाकडे थांबणं सोडलं, कारण डोक्यात एकच, परत यायचंय त्या रस्त्याने.

त्यानंतर जेव्हा जेव्हा घर बदललं तेव्हा क्रम उलटा केला, आधी परतीचा रस्ता, मग एरिया, मग गल्ली आणि सगळ्यात शेवटी घर. तोच क्रम इथं लिहितेय. पहिल्यांदाच अनोळखी शहरात जाणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे ज्यांना सगळं माहितीये त्यांना काही गोष्टी साध्या वाटतील.

आल्या आल्या कायमचं घर घेऊ नका

जमत असेल तर पहिले तीन-चार आठवडे तात्पुरतं कुठंतरी राहा, पेइंग गेस्ट, सर्व्हिस अपार्टमेंट, ओळखीच्या कुणाची रिकामी खोली, काहीही चालेल. महिन्याच्या हिशोबाने ते महाग वाटतं हे खरंय, पण वर्षभराचा करार चुकीच्या जागी केला तर मधेच सोडताना जे पैसे जातात त्यापुढे हे काहीच नाही. आणि या दिवसांत तुम्हाला शहराचं एक अंग कळतं जे लांबून कळतच नाही, ट्रॅफिक कुठं तुंबतो, कुठली लाईन सारखी बंद पडते, ऑफिसातले लोक कुठं राहतात आणि का. याच काळात कागदपत्रं गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवा, नोकरीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र मिळालं तर फारच छान. नवीन माणसाकडे त्या शहरातला भाड्याचा जुना रेकॉर्ड नसतो, तिथंच घोडं अडतं, आणि कागद तयार असले की चांगलं घर समोर आल्यावर धावपळ होत नाही.

खर्च मांडताना प्रवास धरा

पगाराच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भाडं नको असं सगळीकडे सांगतात. हा आकडा मुळात अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमातून आलाय, तिथं राहणाऱ्यांनी उत्पन्नाचा किती भाग भाड्याला द्यावा याची मर्यादा १९६९ साली २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. आकडा वाईट नाही, पण उपनगरात राहणाऱ्याला तो फसवतो, कारण त्यात प्रवास धरलेलाच नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने म्हणूनच घर आणि प्रवास दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत हवेत असा हिशोब मांडला, आणि मला तोच जास्त पटतो.

उदाहरण घ्या. पगार १०० धरा. जवळच्या एरियात भाडं ३४ आणि पास ५, झाले ३९. लांबच्या एरियात भाडं फक्त २४, बघताक्षणी वाटतं १० वाचले, पण तिथं गाडीशिवाय चालत नाही, गाडीचा हप्ता, इंधन, इन्शुरन्स, पार्किंग मिळून २० गेले की बेरीज ४४. स्वस्त घर महाग पडलं. आणि घरात दोघं कमावणारे असाल, दोघांची ऑफिसं दोन दिशांना असतील, तर दुसरी गाडी लागते का हे आधी विचारा स्वतःला, कारण भाड्यातली सगळी बचत तिथंच जाते.

वेळेचाही हिशोब करा, तो तर कुणी करतच नाही. एका वेळी ४० मिनिटं जास्त लागत असतील तर रोजची ८० मिनिटं, महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर जवळपास २९ तास. महिन्यातला एक अख्खा दिवस आणि वर पाच तास. काही जणांना तो वेळ चालतो, ट्रेनमध्ये बसायला मिळत असेल तर वाचन होतं, झोप होते. उभ्याने दोन गाड्या बदलत जायचं असेल तर मात्र तेवढेच २९ तास अंगावर येतात. म्हणून नुसती मिनिटं बघू नका, बसून की उभ्याने आणि किती वेळा बदलून हेही बघा.

नकाशावर गोल काढू नका

बरेच जण ऑफिसभोवती दहा किलोमीटरचा गोल काढतात आणि आतली घरं बघतात. नदी, हायवे, रूळ, एकच पूल, या सगळ्यांमुळे त्या गोलाला काही अर्थ राहत नाही. मॅपमध्ये निघायची वेळ टाकता येते, तिथं मंगळवार किंवा बुधवारची सकाळ टाका, मग त्याच दिवशीची रात्री साडेनऊची परतीची वेळ टाका. दोन्ही आकडे लिहून ठेवा. सकाळी ३५ मिनिटं आणि रात्री ७० असे एरिया मी बघितलेत, कारण रात्री आठनंतर बस तासाला एकच.

बस किती वेळाने आहे हे अंतरापेक्षा महत्त्वाचं असतं. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक बघायची गरजच नाही, सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. ४० मिनिटांनी असेल तर एक चुकली की संपलं. शेवटची गाडी कितीला, रविवारी किती, सुट्टीच्या दिवशी किती, हेही बघून घ्या. आणि स्टॉपपासून घर चालत मोजायचं, माणूस नेहमीच्या चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे ८०० मीटरला दहा मिनिटं, पण खऱ्या रस्त्याने, पट्टीने नाही. जड सामान किंवा लहान मूल सोबत असेल तर दीडपट धरा.

एवढं केलं की दहा-बारा एरियांतून तीन-चारच उरतात. आता त्यांचंच बघा, बाकी सगळं सोडून द्या.

गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे

अनेक शहरांत पोलीस एरियानुसार आकडे देतात, काही ठिकाणी नकाशाच असतो. तो उघडला की लाल ठिपके बघून पोटात गोळा येतो, पण जरा थांबा. एका एरियात वर्षात ५० घटना आणि लोकसंख्या ५,०००, दुसऱ्यात २०० घटना आणि लोकसंख्या ४०,०००. पहिला सेफ वाटतो ना? हजारी काढा, म्हणजे दर हजार लोकांमागे किती घटना, पहिल्यात १०, दुसऱ्यात ५. दुसरा निम्म्याने बरा आहे. याचं उलटंही होतं, मोठं मार्केट किंवा स्टेशन असलेल्या भागात राहणारे थोडे आणि येणारे-जाणारे हजारो, तिथं हजारी काढली तरी भयंकर दिसते कारण दुकानातल्या चोऱ्या आणि पाकीटमारी सगळी त्या थोड्या रहिवाशांच्या नावावर पडते. म्हणून प्रकार बघा. घरफोडी, रस्त्यात अडवून लुटणं, गाडी चोरी, छेडछाड, हे तुमच्या रोजच्या जगण्याला लागू होतं. मॉलमधली उचलेगिरी नाही.

एकच महिना बघू नका, दोन-तीन वर्षांतले तेच महिने शेजारी ठेवून बघा, म्हणजे वाढतंय की कमी होतंय ते दिसतं. नकाशावरचा ठिपका नेमका त्याच घरासमोर पडलाय म्हणून घाबरू नका, इंग्लंडमधल्या पोलिसांच्या सार्वजनिक नकाशावर तर जागा मुद्दामच अंदाजे दाखवतात, तक्रार करणाऱ्याची ओळख उघड होऊ नये म्हणून. आणि आकडा शून्य असेल तर खूष होऊ नका, लोक तक्रारच करत नसतील असंही असतं.

एक गोष्ट मला इथं मनापासून सांगायचीये. "तो एरिया बरा नाही" असं कुणी सांगितलं की लगेच विचारा, का, काय झालं, कधी झालं. पुष्कळदा उत्तरात घटना एकही नसते, असतो तो फक्त तिथं कोण लोक राहतात याचा तिटकारा. गरीब वस्ती म्हणजे असुरक्षित वस्ती नाही. गजबजलेल्या कामगारांच्या गल्लीत रात्री अकराला पण दारात चार माणसं बसलेली असतात, आणि श्रीमंत बंगल्यांच्या रस्त्यावर नऊला चिटपाखरू नसतं. अमेरिकेत तर घर देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या कायद्यामुळे घरं दाखवणारे एजंट "हा एरिया सेफ आहे का" या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं टाळतात, कारण त्याआडून विशिष्ट लोकांना विशिष्ट भागात ढकललं जायचं. म्हणजे उत्तर आपलं आपणच शोधायचं.

तीन वेळा जा, त्यातली एक रात्र

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं यातच लोक चालढकल करतात. एजंट घर दाखवतो शनिवारी सकाळी अकराला, ऊन पडलेलं असतं, मुलं खेळत असतात, आपण हो म्हणतो. पण आपण त्या गल्लीत शनिवारी अकराला राहणार नसतो, आपण तिथं पोहोचणार असतो कामाच्या दिवशी अंधारात, दमून, मोबाईलची बॅटरी संपत आलेली असताना.

पहिली फेरी, कामाच्या दिवशी सकाळी, घरापासून ऑफिसपर्यंत खरोखर जा. गर्दीत चढता येतं का तेच कळतं यात.

दुसरी फेरी रात्रीची. स्टॉपवर उतरा आणि घरापर्यंत चाला, पहिल्यांदा कुणालातरी सोबत घेऊन. फोन खिशात ठेवा आणि नुसतं बघा. दिवे आहेत का असं नाही, दिव्यांचा उजेड फुटपाथवर पडतो का ते बघा, खूपदा दिवा असतो वर आणि खाली झाडाच्या फांद्यांनी सगळा उजेड अडवलेला. रस्त्याकडे तोंड करून किती खिडक्या आहेत ते बघा, त्यातल्या किती उजळलेल्या आहेत. खिडक्या, दारं, उघडी दुकानं, येणारी-जाणारी माणसं, याने रस्ता जागा राहतो. उंच कोऱ्या भिंती, पत्र्याचं कंपाऊंड, मोकळं पार्किंग, अर्धवट बांधकाम, हे सलग दोन-तीन मिनिटं चालावं लागत असेल तर विचार करा, दुसरी वाट आहे का बघा. फुटपाथ मधेच संपतो का? मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर सिग्नल आहे की गाड्यांच्या मधून पळायचं? उपनगरात चोरापेक्षा वेगात येणाऱ्या गाड्यांचा धोका रोजचा असतो, आणि सेफ म्हणताना हे कुणी मोजतच नाही.

चालताना एक जागा अशी येते जिथं आपली चाल आपोआप वाढते. ती जागा लक्षात ठेवा, घरी गेल्यावर लिहून ठेवा. का वाढली? अंधार, भुंकणारी कुत्री, घोळका, की नुसतं अनोळखी आहे म्हणून? शेवटचं कारण असेल तर आठवड्यात जातं, बाकीची जात नाहीत.

तिसरी फेरी सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर, निवांत. आता लोकांशी बोला. पण "इथं सेफ आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, स्वतःच्या एरियाला कोण नावं ठेवेल. त्याऐवजी विचारा की रात्री दहाला तुम्ही स्टेशनवरून कुठल्या रस्त्याने येता, मुलगी क्लासवरून एकटी येते का, गाडी रात्री रस्त्यावर ठेवता का, आधीचे भाडेकरू का गेले. उत्तर देताना माणूस किती वेळ घेतो तेही बघा. एका बाईंनी मला सांगितलं होतं की अहो तो मंदिरामागचा शॉर्टकट घेऊ नका, सगळे मोठ्या रस्त्यानेच येतात, आणि ही माहिती कुठल्याही नकाशावर नव्हती. एखाद्या म्हाताऱ्या माणसाशी बोला, दुकानदाराशी बोला, आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलांशी तर जरूर, ते प्रत्येक गल्लीत सगळ्या वेळी फिरतात.

पाणी आणि आवाज

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं एखाद्या भागाबद्दल वाचलं तर आपल्या वेळी येणार नाही असं वाटतं. त्याचा अर्थ तसा नाहीये, दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे, म्हणजे ३० वर्षं राहिलात तर एकदा तरी यायची शक्यता जवळपास २६ टक्के. भाडेकरू दोन-तीन वर्षांसाठी असतो म्हणून आकडा लहान दिसतो, पण गाडी आणि गाद्या भिजल्या तर नुकसान आपलंच. पूररेषेचे नकाशे मिळतात तिथं बघा, मिळत नसतील तर तळमजल्याच्या आणि पार्किंगच्या भिंतीवर पाण्याचा डाग किती उंचीवर आहे ते बघा, आणि जमलं तर जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच एक चक्कर मारा.

आता आवाज. तो डेसिबलमध्ये मोजतात, पण हे सरळ मोजमाप नाही, १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या सूचनांत रात्रीचा रस्त्याचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा म्हटलंय. फोनवरचं ॲप अंदाज देतं, तेवढा पुरे. पण विमानतळाजवळ असाल तर एका दिवसावर जाऊ नका, वारा बदलला की विमानांची दिशा बदलते, ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी नेमकी शांतता असेल.

आता घर

आता कुठं दार उघडून आत जायचं. दोन नळ एकदम सोडा आणि फ्लश करा, प्रेशर पडतं का बघा. प्रत्येक खोलीत जाऊन फोन लावा, बाथरूममध्ये पण. सगळ्या भिंती जुन्या आणि एकच पट्टा ताजा रंगवलेला असेल तर पाणी कुठं मुरतंय ते तिथंच आहे, हात लावून बघा, वास घ्या. कपाटांची दारं उघडून कोपरे बघा.

सुरक्षेचं बघताना लोक दाराला किती कुलपं आहेत ते मोजतात. माझं मत, आग लागली तर बाहेर कसं पडणार हे आधी बघा. जिन्यात सामान भरलंय का, खिडकीची जाळी आतून उघडते का, धुराचा अलार्म आहे का आणि बटण दाबल्यावर वाजतो का. गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, त्या वायूला वासच नसतो. मग कुलपं. तळमजल्याच्या खिडक्यांच्या कड्या ओढून बघा, आणि मुख्य दाराचं कुलूप बदलून द्याल का हे मालकाला सरळ विचारा, कारण आधीच्या भाडेकरूकडे किल्ली नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

पैसे हातातून जायच्या आधी

घर आतून न बघता एक पैसा देऊ नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आज पैसे टाकले नाहीत तर दुसऱ्याला जाईल, अशी भाषा आली की समजून जा. आजूबाजूच्या घरांपेक्षा भाडं फारच कमी असेल तर जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाका, तेच फोटो दुसऱ्या शहरातल्या घरासाठी वापरलेले सापडतात. ओळखपत्राची कॉपी द्यायचीच असेल तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी, कुणाला आणि तारीख.

डिपॉझिटचे नियम जागेप्रमाणे बदलतात आणि ते आपल्या बाजूचे असतात, म्हणून वाचा. जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं आणि तेही तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. इंग्लंडमध्ये नेहमीच्या घरांना पाच आठवड्यांचं भाडं ही मर्यादा आणि घरमालकाला ती रक्कम ३० दिवसांच्या आत डिपॉझिट सुरक्षित ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त योजनेत टाकावी लागते. जिथं जाताय तिथला नियम सरकारी साइटवर शोधा आणि मग बोला, कारण नवीन माणूस दिसला की जास्त मागतात.

करारात सगळं वाचायचं असतंच, पण चार ठिकाणी बोट ठेवून वाचा, सोडायची नोटीस किती दिवसांची, भाडं कधी आणि किती वाढणार, दुरुस्ती कुणाची, आणि भाड्यात कुठली बिलं धरलीत. तोंडी दिलेला शब्द, "ते आम्ही करून देऊ" वगैरे, मेसेजमध्ये लिहून घ्या.

राहायला गेल्यावर पहिला आठवडा

सामान उघडायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, फरशी, नळ, ओरखडे, मीटरचे आकडे, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या. शेजारच्या दोन दारांवर जाऊन नाव सांगून या, कधीतरी रात्री बेल वाजवायची वेळ आली तर ओळख असलेली बरी.

आणि घरी यायचा दुसरा रस्ता शोधून ठेवा. शेवटची बस गेली, पुलावर काम काढलं, भुयारी रस्ता बंद झाला, तर कुठून यायचं, कुठल्या स्टॉपवर उतरायचं, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल किंवा पंप वाटेत कुठं आहे. पहिल्या रविवारी दिवसाउजेडी त्या रस्त्याने एकदा चालून या, आणि मग त्याच आठवड्यात एकदा रात्री.